लोखंडीबाईची किळस

रुग्णालयाच्या धुलाईखान्याला दोन दारे असतात. वॉर्डांतून बांधून आलेली मळक्या कपड्यांची गाठोडी एका दाराने आत येतात आणि धुतलेल्या, कडक इस्त्रीच्या चादरी दुसऱ्या दाराने बाहेर जातात. या दोन दारांची एकमेकांशी कधी गाठ पडत नाही. मळक्या दाराशी पत्र्याचे लांबलचक टेबल असते. त्यावर गाठोडी सोडायची आणि रक्ताची चादर वेगळी, ओकारीची वेगळी, नुसती चुरगळलेली वेगळी अशी निवड करायची. या टेबलावर नव्याने आलेल्या बायका पहिले काही दिवस जेवणाचा डबा न उघडताच घरी परत नेतात. काही जणी परत येतच नाहीत. जिने या टेबलाशी निम्मे आयुष्य काढले आणि डबा एकदाही परत नेला नाही, तिला तिथे सगळे लोखंडीबाई म्हणत.

नावात कौतुक होते, तशी थट्टाही होती. एकदा एका चादरीच्या घडीत कुणाची तरी कवळी गुंडाळून आली. बाकीच्या बायका ई करून मागे सरल्या. लोखंडीबाईने ती उचलली, नळाखाली खसखसून धुतली, कागदात बांधली आणि वॉर्डात पाठवून दिली. "आजोबा उपाशी बसले असतील," एवढेच ती म्हणाली. नव्या बाईला तिचा पहिला धडा ठरलेला असे. "हातमोजे घाल. आणि लक्षात ठेव, घाण कुणाचीच नसते."

आपण किळस जिंकली आहे, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. वस्तुतः तिने किळस जिंकली नव्हती. ती घाण ज्यांच्या अंगातून आली होती, त्यांची तोंडे तिच्या टेबलापर्यंत पोचत नव्हती, इतकेच. धुलाईखान्याची सारी रचनाच तशी होती. हा भेद ध्यानात यायला तिच्या घरातली एक काचेची टाकी निमित्त झाली.

घरी माणसे तीन: ती, नवरा आणि सासरे. नवरा इमारतींच्या लिफ्टची देखभाल करी. कुठे लिफ्ट अडकली की भरल्या ताटावरून उठून जावे लागे, त्यामुळे तो घरात असून नसल्यासारखा. सासरे घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून, केसाएवढे स्क्रू चिमट्याने उचलण्यात त्यांची हयात गेली. दुकान बंद केल्यावर हातांना चाळा हवा म्हणून त्यांनी बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. तळाशी वाळू, वाळूवर भोकाभोकांचे समुद्री दगड, आणि त्यांच्या आडून ये-जा करणारा, पांढऱ्या पट्ट्यांचा एक नारिंगी मासा. सासूबाई होत्या तेव्हा म्हणत, बायकोला हाक मारायची राहील, पण माशाची वेळ चुकायची नाही.

सासूबाई गेल्या, आणि पुढे सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात थरथरू लागला, तोंड एका बाजूला ओढले गेले, जीभ जड झाली. गिळणे ही रोजची लढाई होऊन बसली. त्यांचे जेवण शिजवून, घोटून, गाळून द्यावे लागे: गाजर, बटाटा, भात यांचा पातळ लगदा. त्यातला अर्धा घास आत जाई आणि अर्धा हनुवटीवरून खाली ओघळे. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगून ठेवले होते, की वजन आणखी उतरले तर पोटात नळी बसवावी लागेल, आणि मग तोंडाने जेवणे विसरा. त्यावर सासऱ्यांनी डाव्या हाताची बोटे टेबलावर आपटली आणि दोनच शब्द कष्टाने काढले, "नळी नको." लोखंडीबाईने तेव्हाच पदराला गाठ मारली. काही झाले तरी सासऱ्यांना नळी लागू द्यायची नाही.

टाकीचे कामही आता तिच्याकडेच आले. पहाटेची पाळी करून ती दुपारी घरी येई. मग मीठ मोजून पाण्यात विरघळवायचे, जुने पाणी नळीने उपसायचे, काच घासायची. पाण्यातला फेस ओढून घेणारे एक यंत्र टाकीला होते. त्याच्या वाटीत तपकिरी गाळ साचे आणि वाटी उघडली की नासक्या अंड्याचा वास खोलीभर पसरे. नवरा नाक दाबून गच्चीत जाई. ती वाटी रिकामी करताना तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे, आणि सासरे ते अभिमानाने बघत.

एका सुट्टीच्या सकाळी तिने एक दगड सरळ करायला हात पाण्यात घातला. घरच्याच टाकीत कसली भीती, म्हणून हातमोजे घातले नव्हते. दगडाच्या भोकातून काहीतरी बाहेर आले. बोटभर लांबीचे, मळकट गुलाबी, कड्याकड्यांचे अंग, आणि दोन्ही कडांना पांढऱ्या केसांच्या झुपक्यांची झालर. ते लांबले, आखडले, पुन्हा लांबले, जणू कुणाच्या पोटातून सुटून आलेला आतड्याचा तुकडा स्वतःच वाट शोधत निघाला होता. ती हात मागे घेईतो ते तिच्या बोटांना घासून गेले. बोटांची टोके काचेची लोकर चोळावी तशी चरचरू लागली. आणि जिने आयुष्यभर माणसांच्या अंगातले सगळे काही हाताळले, तिच्या पाठीच्या कण्यातून शिरशिरी गेली. चादर कितीही घाण असली तरी वळवळत नाही.

सासऱ्यांना हा किडा जुना ओळखीचा होता. दगडांबरोबर येतो, उरलेसुरले खातो, थोडे असले तर असू द्यावेत, असे ते पूर्वी सांगत. त्यांनी तिला खुणेने जवळ बोलावले, खणातून चिकटपट्टी आणवली, डोळ्याला भिंग लावले आणि तिचा हात आपल्या मांडीवर ठेवून घेतला. डाव्या हाताने पट्टी बोटावर दाबायची आणि झटक्यात उपटायची. दर खेपेला पट्टीवर पांढरे, बारीक काटे निघून येत. झटका आल्यापासून प्रथमच त्यांचे हात कुणाच्या उपयोगी पडत होते. ते कामात रंगून गेले, आणि रंगून गेलेल्या माणसाला आपल्या ओठांचे भान राहत नाही. वाकड्या कोपऱ्यातून लाळेची तार लोंबली आणि तिच्या मनगटावर पडली.

तिने हात हिसकावून घेतला.

ती न्हाणीघरात गेली आणि साबण लावला. काटे बोटांत होते, पण साबण तिने मनगटाला लावला, आणि एकदा धुऊन समाधान झाले नाही म्हणून पुन्हा लावला. दार उघडेच होते. बाहेर आली तेव्हा सासऱ्यांनी भिंग काढून ठेवले होते आणि वापरलेली पट्टी नीट गुंडाळून ते तिच्याकडे न बघता बसले होते. "राहू दे बाबा, गेले काटे," ती म्हणाली. काटे गेले नव्हते.

त्याच दुपारी सासऱ्यांनी सांगितले, की यापुढे आपण टाकीजवळच्या खुर्चीत, एकटेच जेवू. समोर कुणी बसले की घाई होते आणि ठसका लागतो. तिने त्यांच्या मांडीवर पाट आणि त्यावर लगद्याचा वाडगा ठेवला, गळ्यात रुमाल बांधला आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिला हलके वाटले. म्हाताऱ्या माणसाचा मान राखला, असे तिने मनाला समजावले. सुटकेला माणूस नेहमीच एखादे प्रतिष्ठित नाव शोधून देतो. थोड्या वेळाने वाडगा परत आला तो पुसून काढल्यासारखा स्वच्छ. तिने वाडगा नवऱ्याला दाखवला. "बघा, शांतपणे बसले की कसं जातं पोटात."

पुढच्या काळात दोन गोष्टी घडू लागल्या, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध असेल अशी शंका तिला शिवली नाही. सासऱ्यांचे सदरे खांद्यांवरून घसरू लागले, आणि टाकीतले किडे वाढू लागले.

आधी एखादा दिसे. मग दिवा लागण्यापूर्वी काचेवर तीन-चार चढलेले दिसू लागले. मग वाळूतून त्यांची तोंडे वर येऊ लागली आणि दगडाच्या प्रत्येक भोकात गुलाबी काहीतरी हलू लागले. पाणी गढूळ झाले. फेसाची वाटी दिवसाआड भरू लागली आणि तिचा वास आता पडद्यांतही मुरला. नारिंगी मासा पाण्याच्या पृष्ठाशी येऊन तोंड उघडझाप करी. लोखंडीबाई हातमोजे घालून, लांब चिमट्याने किडे उचलून पाण्याच्या बादलीत टाकत असे. चिमट्यात धरलेला किडा दोन्ही बाजूंनी पीळ घाली, तुटे, आणि दोन्ही तुकडे वळवळत. तिचे जेवणावरून लक्ष उडाले. शेवया, दोरा, सांडपाण्याच्या जाळीत अडकलेले केस, काहीही लांबट दिसले की घशाशी यायचे. धुलाईखान्यात एके दिवशी तिने डबा उघडला आणि पुन्हा लावून टाकला. शेजारची बाई म्हणाली, "लोखंडाला गंज चढला वाटतं." ती हसली नाही.

डॉक्टरीणबाईंच्या काट्याने वजन उतरल्याचे दाखवले. लोखंडीबाईने शपथेवर सांगितले, की सासरे पोटभर जेवतात, वाडगा चाटूनपुसून परत येतो. मग आत दुसरे काही दुखणे असेल, तपासण्या करू, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण पुढच्या खेपेला काटा आणखी खाली दिसला तर नळीचा दिवस ठरवावा लागेल. सासरे भिंतीकडे बघत राहिले. घरी येताना तिच्या मनात एकच: आता लगद्यात लोणी वाढवायचे. तिने लोणी वाढवले. किडे आणखी माजले.

नवऱ्याचे म्हणणे असे, की टाकीच काढून टाकावी; बाबांना टीव्ही लावून देऊ, त्यात किडे नसतात. "बातम्या लावल्या नाहीत तर," ती म्हणाली. पण टाकी काढायला तिचा विरोध होता. सासऱ्यांना आता जगात बघण्यासारखे तेवढेच उरले होते.

ती माशांच्या दुकानात गेली. दुकानदार जाडा, बोलघेवडा माणूस. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, घरात माशाला जास्त खायला कोण घालते.

"मीच घालते. चिमूटभर. मोजून," ती म्हणाली.

"मग किडे काय उपास करून बाळसं धरतायत? बाई, हा उकिरड्यावरचा जीव. उकिरडा असल्याशिवाय वाढत नाही. कुठंतरी अन्न उरतंय, ते आधी शोधा."

तिला राग आला. उकिरडा हा शब्द तिला तिच्या घराबद्दल ऐकवत नव्हता. दुकानदाराने एक उपाय मात्र सांगितला. जुन्या पातळ नायलॉनच्या पायमोज्यात कोळंबीचा तुकडा बांधायचा आणि टाकी अंधारी करून तो तळाशी सोडायचा. किडे वासाने येतात, त्यांचे केस मोज्याच्या विणीत अडकतात, आणि मोजा उचलला की सगळे एकदम बाहेर. घरी येऊन तिने नवऱ्याला धारेवर धरले: चोरून काही टाकता का टाकीत? नवरा म्हणाला, "मला मिळतं का वेळेवर जेवायला, की मी किड्यांना घालू?"

दुसऱ्या दुपारी सासऱ्यांचे जेवण झाल्यावर, रिकामा वाडगा अजून त्यांच्या मांडीवरच असताना, तिने टाकीवर जाड काळी चादर टाकली आणि मोजा तळाशी सोडला. सासरे चुळबुळले. "नको," असे काहीसे म्हणाले. तिला वाटले, त्यांना माशाची काळजी. "बाबा, माशाला नाही काही होत. यांचा एकदा सोक्षमोक्ष लावते," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

परत येऊन तिने चादरीची कड उचलली आणि विजेरीचा झोत टाकला. मोजा जसाच्या तसा पडला होता. एकही किडा त्याला चिकटला नव्हता. वाळूवरून किडे चालले होते, डझनांनी, आणि कोळंबीच्या ताज्या तुकड्याला वळसा घालून सगळे एकाच दिशेला, सासऱ्यांच्या खुर्चीकडच्या कोपऱ्यातल्या मोठ्या दगडामागे जात होते. भरल्या पोटाच्या माणसाने आमंत्रणाकडे दुर्लक्ष करावे, तसे. तिने हातमोजे चढवले, श्वास रोखला आणि तो दगड उचलला.

खाली किड्यांची गुंतवळ होती. एकमेकांत गुरफटलेले, एकमेकांवरून सरपटणारे, केसांचे झुपके फुलवलेले ते एकच अंग असल्यासारखे आकसत आणि पसरत होते. तिच्या तोंडाला पाणी सुटले, ओकारीच्या आधी सुटते तसे. आणि त्या गुंत्याच्या मधोमध, करड्या, बुळबुळीत थराच्या वर, लगद्याचा ताजा ढीग होता. त्यात गाजराचे केशरी कण होते. ते तिनेच त्या दुपारी किसले होते.

तिने दगड बादलीत ठेवला. टाकीच्या झाकणाला, खुर्चीच्या बाजूला, माशाला खाऊ घालण्याची लहानशी खिडकी होती. तिच्या कडेवर लगद्याचा सुकलेला ओघळ होता. इतके दिवस ती काच घासत होती, पण झाकणाची ती बाजू सासऱ्यांच्या खांद्याआड होती.

प्रथम तिला संतापच आला. शिजवणे, घोटणे, गाळणे, लोणी, डॉक्टरीणबाईंसमोर घेतलेली शपथ, सगळे या वळवळत्या घाणीच्या घशात. ती खुर्चीसमोर उभी राहिली. हातमोज्यांतून पाणी ठिबकत होते.

"बाबा, नळी नको म्हणालात ना तुम्ही?"

सासऱ्यांनी चांगला हात उचलला आणि त्याच्या अंगठ्याने थरथरत्या हाताचे मनगट चोळले. गोल गोल, साबण लावल्यासारखे. थांबले, आणि पुन्हा चोळले.

तिला समजायला वेळ लागला नाही. मग ते जड जिभेने, एकेक शब्द सोडवत म्हणाले, "किडे तोंड फिरवत नाहीत."

तसं काही नाही हो, तुमचा गैरसमज झाला, असे म्हणण्याची रीत आहे, आणि ते वाक्य तिच्या ओठांवर आलेही होते. घराघरांतून असल्या वाक्यांवरच म्हाताऱ्यांची बोळवण होते. तिला ती कवळी आठवली. कुणा अनोळखी आजोबांची कवळी तिने बोटांनी धुतली होती आणि ते उपाशी असतील म्हणून तिचा जीव कळवळला होता. इथे तिच्या घरातला म्हातारा, तिच्याच हातचे अन्न समोर ठेवून, तिच्या एका हिसक्याने उपाशी बसला होता. तिथे घाण कुणाचीच नव्हती. इथे घाणीला तोंड होते आणि ते तोंड तिच्याकडे बघत होते.

तिने हातमोजे काढले. "येते बाबा. किळस येते मला," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू."

सासऱ्यांनी मान हलवली. बराच वेळ शब्द जुळवून ते म्हणाले, "मला पण येते. आरशात."

मासा वर येऊन तोंड उघडत होता. मग तिने स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात उरलेला लगदा गरम केला आणि सासऱ्यांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ खुर्ची ओढून बसली. सासऱ्यांनी चमचा तोंडात घातला. घास जिभेवर फिरला, गालात अडला, आणि त्यातला बराचसा लाळेबरोबर हनुवटीवर आला. केशरी, कोमट, तार धरलेला. काही वेळापूर्वी दगडाखाली पाहिलेले सगळे तिच्या डोळ्यांपुढे आले. घशाशी आंबट आले. तिने ते गिळले. मान जागची हलवली नाही. चेहरा मात्र तिच्या ताब्यात राहिला नसावा, कारण सासऱ्यांनी चमचा थांबवला आणि तिला न्याहाळले.

"तोंड वाकडं माझं झालंय," ते म्हणाले. "तू कशाला करतेस?"

तिला हसू आले आणि ओकारीही आली, दोन्ही एकदमच. तिने तोंडावर हात दाबला, पण डोळे तिथेच ठेवले. मग तिने बोटाने त्यांची हनुवटी पुसली. रुमाल हाताशी होता, तरी बोटानेच पुसली, आणि ते बोट लगेच धुवायला ती उठली नाही. वाडगा रिकामा होईपर्यंत संध्याकाळची उन्हे भिंतीवर आली.

किडे गेले ते औषधाने नव्हे. कोपऱ्यातला थर तिने नळीने उपसून काढला, आणि वरून अन्न येणे थांबल्यावर ते हळूहळू आपोआप विरळ झाले. दुकानदाराने उपायासोबत दिलेली, किडे मारायच्या गोळ्यांची पुडी तिने फोडलीच नाही. एखादा किडा अजून काचेवर चढतो आणि तिच्या पाठीतून अजून शिरशिरी जाते. पुढच्या तपासणीत वजनाचा काटा होता तिथेच थांबला होता. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला, पुन्हा बघितले, आणि नळीचे तूर्त राहू द्या म्हणाल्या. तूर्त हा शब्द सासऱ्यांना आवडला नाही.

धुलाईखान्यात नवी बाई आली की लोखंडीबाई आजही तिला हातमोजे घालायला सांगते. पुढचे वाक्य ती आता म्हणत नाही. घरी ती रोज सासऱ्यांच्या समोर बसते, आणि किळस रोज येते. सवयीने ती मरेल अशी तिची आशा होती, पण ती मेली नाही. चमचा उचलण्याआधी सासरे एकदा तिच्या तोंडाकडे बघतात. ते तोंड जिथे होते तिथेच आहे, याची खात्री झाली की मग खातात.